गावातल्या फौजी घरांचे आभार मानायचे, पण कसे?

एका सरपंचांनी विचारलं आहे: "आमच्या गावातून चाळीसेक जण सैन्यात आणि निमलष्करी दलांत आहेत, माजी सैनिकही बरेच आहेत. दर १५ ऑगस्टला आम्ही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. अलीकडे निम्मे माजी सैनिक येतच नाहीत. गावातल्या एका वीरपत्नीकडे निरोप घेऊन गेलं की त्या 'बघू' म्हणून वाटेला लावतात. आमचं कुठे कमी पडतंय? आणि शाळेतल्या मुलांना या सगळ्याची जाणीव कशी द्यायची?"

सरपंच, लोक सत्काराला येत नाहीत हे आधी मनाला लावून घेऊ नका. मी सैन्यातून सुभेदार म्हणून बाहेर पडलो आणि पुढे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक होतो. कल्याण संघटक म्हणजे गावोगाव फिरून माजी सैनिकांची, त्यांच्या विधवांची, सुट्टीवर आलेल्या जवानांची गाऱ्हाणी ऐकणारा आणि त्यांचे कागद लावून देणारा माणूस. त्या फिरतीत सत्काराच्या शाली पुष्कळ पाहिल्या. लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, घडी न मोडलेल्या. शालीबद्दल कुणाची तक्रार नसते. तक्रार असते ती उरलेल्या वर्षाबद्दल, आणि ती कुणी तोंडाने बोलत नाही. फौजी माणसाला मागायची लाज वाटते.

नेमकी कसली तक्रार, तर पहिल्या नंबरला बांध. माणूस राजौरीला किंवा तवांगला असतो आणि इकडे शेजारचा दर नांगरटीला वीतभर बांध कोरतो. घरी म्हातारे वडील आणि बायको. बायको बोलली तर 'बाईमाणसानं शेतातल्या गोष्टीत पडू नये', वडील बोलले तर 'पोरगा मिल्ट्रीत आहे म्हणून माज आलाय'. आणि बांध कोरणारा हा गृहस्थ १५ ऑगस्टला हार घेऊन पहिल्या रांगेत. आता तुम्हीच सांगा, त्या मेजरनी व्यासपीठावर चढून त्याच्या हातून हार का घालून घ्यावा? (आमच्या भागात हवालदारापासून सुभेदारापर्यंत सगळेच 'मेजर', तुमच्याकडेही तसंच असेल.) न येणाऱ्यांच्या घरी जा आणि सत्काराचा विषय न काढता एवढंच विचारा, शेताचं काय चाललंय. निम्म्या घरांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

शिपायाला वर्षाकाठी ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस आकस्मिक रजा असते. ऐकायला भरपूर वाटते. पण ती एका दमात मिळत नाही, पलटणीच्या सोयीने मिळते, आणि सीमेवरून घरी पोहोचायलाच कधी कधी तीन-चार दिवस लागतात. उरलेल्या दिवसांत वारस नोंद, फेरफार, मोजणीची तारीख, कोर्टाची तारीख, मुलाचा दाखला, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. तलाठी बैठकीला गेलेले, ग्रामसेवकाकडे दोन गावांचा चार्ज, मोजणीवाला पुढच्या आठवड्यात. पोरगा बापाला ओळखायला लागेपर्यंत बापाची ट्रंक भरलेली असते. तुमच्या हाती सत्ता आहे ती इथे वापरा. जवान सुट्टीवर येणार हे घरच्यांना महिनाभर आधी माहीत असतं. त्याची कोणकोणती कामं अडली आहेत ते घरून लिहून घ्या, तो येण्याआधी अर्ज आणि नकला तयार ठेवा, आणि सही लागेल तिथेच त्याला न्या. यात ग्रामपंचायतीचा एक रुपया जात नाही. बांधाचे वाद तंटामुक्ती समितीकडे घ्या. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा गावोगाव समित्या झाल्या, आज बऱ्याच ठिकाणी त्या फलकापुरत्या उरल्या आहेत. समितीने वर्षभरात एक बांध जरी मूळ जागी आणला तरी फौजी घरांत ती बातमी शालीपेक्षा लवकर पोहोचते.

कोर्टात दावा असेल तर आणखी एक गोष्ट घरच्यांना माहीत असावी. नोकरीवरच्या सैनिकाला दाव्यात संरक्षण देणारा कायदा १९२५ पासून आहे. सैनिक युद्धावर किंवा विशेष परिस्थितीत तैनात असेल आणि वरिष्ठांनी तसं प्रमाणपत्र दिलं, तर कोर्ट दावा पुढे ढकलतं, त्याच्या पाठीमागे एकतर्फी निकाल लागू नये म्हणून. शिवाय कमांडिंग ऑफिसरचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्याचा पाठपुरावा करतं. पण हे पत्र तहसीलच्या टपालात पडून राहू नये म्हणून विचारणारा एक माणूस गावात लागतो. तो माणूस तुम्ही नेमा. शक्यतो एखादा ताज्या दमाचा माजी सैनिकच. त्यालाही काम मिळतं आणि पारावर बसून पलटणीच्या त्याच त्या गोष्टी सांगणं जरा कमी होतं.

घरपट्टीचं तर सरळ तुमच्याच हातात आहे. राज्य सरकारने २०२० मध्ये माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट द्यायचा निर्णय घेतला. तरी मी गावंच्या गावं पाहिली जिथे एकाही घराला ती मिळालेली नव्हती, कारण कुणी अर्ज केला नव्हता. अर्ज का केला नाही? सांगितलंच कुणी नाही म्हणून. सत्कारावर वीस हजार खर्च करणारी ग्रामपंचायत त्याच माणसाला थकीत घरपट्टीची नोटीस पाठवते आणि आपण दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात केल्या हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ग्रामसेवकांना यादी करू द्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागेल तो एकत्र मागवा, आणि मंजुरीचा कागद घरी नेऊन द्या.

आता तुमच्या गावातल्या वीरपत्नी. त्यांना मी ओळखत नाही, म्हणून त्यांच्या मनात काय आहे हे सांगणार नाही. पण अशा पुष्कळ घरांत मी बसलोय. वर्षातून एकदा त्यांना व्यासपीठावर बोलावतात, निवेदक त्यांचा नवरा कसा गेला हे गोळीच्या वर्णनासकट सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. आणि संक्रांतीला त्याच गल्लीत हळदीकुंकू असतं तेव्हा त्यांच्या दाराला टाळून पुढच्या घरी निमंत्रण जातं. पुतणीच्या लग्नात हळद लावायच्या वेळी त्यांना 'तुम्ही जरा पाहुण्यांचं बघा' म्हणून आत पाठवतात. मग व्यासपीठावर जाऊन त्यांनी काय करायचं? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावाने ठराव केला असेल तर अंमल किती होतो ते पाहा, केला नसेल तर करा. आणि ठरावाची वाट न बघता येत्या संक्रांतीला तुमच्या घरचं पहिलं निमंत्रण त्यांना जाऊ द्या. तुमच्या घरातल्या बाईंनी स्वतः जाऊन द्यावं, ग्रामपंचायतीच्या शिपायाबरोबर चिठ्ठी धाडू नये.

पैशाबद्दलही बोलतो, कारण गावं याबाबत फार हलकी बोलतात. 'तिला काय, कोटभर मिळालेत.' मृत्यू कसा आला यावर कुटुंबाचं पेन्शन ठरतं. आजारपणाने किंवा निवृत्तीनंतर नवरा गेला तर साधारण शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, सेवेमुळे मृत्यू आला असेल तर ६० टक्के, आणि लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत गेला तर शेवटच्या पगाराइतकं. म्हणजे कोपऱ्यावरच्या दोन घरांत दोन वेगळ्या रकमा येतात. त्यातून सासू-सून, दीर-भावजय असे तंटे उभे राहतात आणि बाहेरचे त्यात तेल ओततात. बाई तरुण असेल तर दुसरं लग्न करू नये, केलं तर दिराशीच करावं, हा दबाव वेगळाच. शौर्यपदकाच्या भत्त्याला तर अशी अट कागदावरही होती: विधवेने दिराशी लग्न केलं तर भत्ता चालू, दुसऱ्या कुणाशी केलं तर बंद. ती अट २०१७ मध्ये काढली गेली. गावातली अट कधी काढायची ते तुम्ही ठरवा. कुणाला किती मिळाले याची चर्चा ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बंद करता आली तरी त्या बाईंना तुमच्या कार्यक्रमाला यायला एक कारण मिळेल.

तुमच्या यादीबद्दल थोडं. तुम्ही 'सैन्यात आणि निमलष्करी दलांत' असं लिहिलंत, बरं वाटलं. बहुतेक ठिकाणी सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांना सत्कारात मागच्या रांगेत बसवतात. ते गृह मंत्रालयाकडचे. त्यांची कँटीन वेगळी, आणि १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांना सैन्यासारखं जुनं पेन्शनही नाही. गडचिरोलीच्या जंगलात किंवा काश्मीरच्या रस्त्यावर मात्र गोळी दोघांना सारखीच लागते. पोलिसांना तर कुणी बोलावतच नाही. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन आहे. १९५९ साली त्या दिवशी लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याशी लढताना दहा पोलीस गेले, त्यांच्या आठवणीचा. तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी सैन्यात होते, मग मुंबई पोलिसांत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांच्या हातात फक्त लाठी होती. म्हणून गणवेशाचा रंग बघून खुर्च्या लावू नका.

आणि ज्यांना पेन्शनच नाही ते माजी सैनिक शोधा. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं नोकरी लागते. घरच्या अडचणीने किंवा आजारपणाने जे आधीच बाहेर पडले, त्यांच्याकडे जुनं डिस्चार्ज बुक असतं, दुसरं काही नसतं. ते सत्काराला येत नाहीत, कारण त्यांच्याकडे मेडल लावायला धड कोट नसतो. वय ६५ च्या वर असेल आणि हालाखी असेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून त्यांना दरमहा अनुदान मिळू शकतं, अर्ज जिल्हा कार्यालयातून जातो. आता अग्निवीर चार वर्षांनी परत यायला लागतील, चारातले तीन. त्यांच्याकडे साडेअकरा लाखांच्या वर सेवानिधी, म्हणजे बाहेर पडताना एकदम मिळणारी रक्कम, असेल आणि वय असेल बावीस-तेवीस. गावात त्यांना 'परत पाठवलेला' म्हणायला लोक कमी करणार नाहीत. त्यासाठी आत्तापासून तयारी ठेवा.

सत्कार करणाऱ्यांना जसं बोललो तसं सत्कार घेणाऱ्यांनाही बोलायला हवं. तुमच्या गावातले माजी सैनिक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. आपण पंधरा-सतरा-चोवीस वर्षं बाहेर होतो तेव्हा घर कुणी चालवलं? खत कुणी आणलं, पोराला ताप आला तेव्हा रात्री कुणाच्या मोटारसायकलवर बसून बायको दवाखान्यात गेली, दिराच्या लग्नात मान कुणी सांभाळला? आणि आपण पेन्शनवर आलो की तिसऱ्या दिवसापासून तिला हुकूम सोडायला लागतो, चहा किती वाजता, भांडी कुठे. देशसेवेबद्दल गावाने आभार मानावेत अशी अपेक्षा ठेवणाऱ्या माणसाने आधी घरातल्या बाईचे मानावेत. आभार म्हणजे साडी नव्हे. कागद दाखवा.

हे कागदाचं मी इतकं धरून बसतो त्याला कारण आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. भरतीनंतर नवऱ्याने सर्व्हिस रेकॉर्डला लावलेलं नाव 'लक्ष्मी', आधारवर 'शालन', बँकेत 'शालनबाई', मतदार यादीत आणखी काही. नवरा आहे तोवर कुणाचं अडत नाही. तो गेला की पहिल्याच महिन्यात पेन्शन थांबतं, आणि सत्तरीची बाई मी तीच आहे हे सिद्ध करत फिरते. आता पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आलंय, तिथे एक अक्षर जुळलं नाही तरी अर्ज परत येतो. नोकरीवर असताना हे दुरुस्त करणं सोपं, युनिटमधून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा लेखी आदेश, निघते. निवृत्तीनंतर आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नलचं जबलपूरला. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा, बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा, बँकेचं खातं जोडनावाने करा, माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, ईसीएचएसचं, कार्ड तिचंही काढा, आणि हे सगळं कोणत्या पिशवीत आहे ते तिला आणि एका मुलाला सांगून ठेवा. सरपंच, तुम्ही ग्रामपंचायतीत एक रविवार ठेवून गावातल्या सगळ्या माजी सैनिकांचे हे कागद तपासून घेतलेत, तर मी तरी तो कार्यक्रम १५ ऑगस्टच्या वर धरीन. जिल्हा कार्यालयाला आधी पत्र दिलं तर तिथलं माणूसही येतं. म्हाताऱ्यांच्या हयातीच्या दाखल्याचं कामही त्याच दिवशी मोबाइलवर होऊन जाईल. अंगठा उमटत नाही अशांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे.

मुलांबद्दल तुम्ही विचारलंत. भाषणं नकोत, मुलांना ती पाठ होतात. राख्या पाठवायची पद्धत चांगली आहे, पण 'सीमेवरच्या जवानास' असा मोघम पत्ता नको. तुमच्याच गावच्या मुलाच्या युनिटला, त्याच्या ५६ किंवा ९९ एपीओच्या (सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर पाठवा. म्हणजे ज्या दादाला मुलं यात्रेत बघतात त्याच्याच हातात ती पडेल, आणि उत्तरही येईल. मिठाई पाठवू नका, पोहोचेपर्यंत तिचं काय होतं ते आम्हाला विचारा. कोण कुठे तैनात आहे हे मात्र फ्लेक्सवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहू नका. उत्साहात लोक युनिटचं नाव, ठिकाण, फोटो सगळं टाकतात, आणि वरिष्ठांकडून बोलणी त्या पोराला खावी लागतात.

सहल काढायची असेल तर सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे दाखवा, सरकारी नोंदीतही ज्याच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचं स्मारक तिथे आहे. थोडी मोठी मुलं असतील तर पुण्याला न्या. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, जखमी सैनिकांना हाताला काम शिकवायला १९१७ मध्ये सुरू झालेली. तिथेच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, १९७४ पासूनचं. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे झालेले जवान तिथे राहतात, व्हीलचेअरवर बसून खेळतात. आधी पत्र देऊन परवानगी घ्या आणि मुलांना दोन गोष्टी बजावा: 'कसं झालं' हे आपणहून विचारायचं नाही, आणि सेल्फी नाही. गप्पा क्रिकेटवर जाऊ द्यात. परतीच्या गाडीत मुलं स्वतःहून काय विचारतात ते ऐका, शिक्षकांनी तिथेही निबंध लिहायला लावू नये.

७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून आहे. त्या निधीतून माजी सैनिकांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि विधवांना मदत अशी कामं चालतात. आपल्याकडे तो शाळेवर आणि तलाठ्यावर उद्दिष्ट म्हणून येतो, मग शिक्षक स्वतःच्या खिशातून भरून मोकळे होतात. त्यापेक्षा मोठ्या मुलांना डबा घेऊन बाजारात उभं करा आणि पैसे कशाला जातात हे आधी नीट सांगा. दुकानदार विचारतोच.

राहिला तुमचा १५ ऑगस्ट. तो बंद करू नका, फक्त थोडा बदला. वीरपत्नींना विचारून घ्या की नवऱ्याबद्दल बोललेलं चालेल का, आणि काय बोलायचं ते त्यांनाच ठरवू द्या. एका बाईंनी मला सांगितलं होतं, 'ते हार्मोनियम वाजवायचे एवढंच सांगा.' मुलांना माइकवर उभं करून 'मोठेपणी कोण होणार?' विचारू नका. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो नकोत. ते जमणार नसेल तर निदान जवानांपेक्षा मोठे नकोत. म्हाताऱ्यांच्या खुर्च्या सावलीत ठेवा आणि आठची वेळ दिली असेल तर आठला सुरू करा, कारण ही माणसं पावणेआठला येऊन बसलेली असतात. त्या दिवशीच्या ग्रामसभेत घरपट्टीच्या सुटीचा विषय पहिला घ्या, आणि ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांची नावं सभेत न वाचता ग्रामसेवकांकडे द्या.